इनासमामांचं मिसर

इनासमामांच्या बरोबरीनं रस्त्यानं चालणं कुणालाच जमलं नाही. त्यांच्या मागूनच चालावं लागे. मिटलेली छत्री निशाणासारखी उंच धरून ते दहा पावलं पुढे जात, मध्येच गर्रकन वळत आणि म्हणत, "हिथं उबं ऱ्हावा. डाव्या हाताला बगा." डाव्या हाताला बहुधा कुणाची तरी विहीर असे, आणि ती कुणी खणली, किती खणली, पाणी गोडं की मचूळ, हे ऐकल्याशिवाय सुटका नसे. मी एकदा त्यांच्यासोबत माणिकपूरच्या बाजाराला निघालो होतो. बाजार उठल्यावर पोचलो. एका मयताला तर त्यांनी पाद्रीसकट सगळी माणसं थांबवून एका चिंचेचं वय सांगितलं होतं. ज्याला पोचवायला निघालो होतो त्याला अर्थातच घाई नव्हती.

मी तेव्हा वसईतल्या एका शाळेत भूगोल शिकवायचो आणि पाचूबंदरला मामांच्या घराची पुढची खोली भाड्यानं घेऊन राहायचो. मामा मासेमारीच्या घरातले, पण उमेदीची काही वर्षं आगबोटीवर खलाशी होते. मोठी लढाई नुकतीच संपली होती तेव्हाची गोष्ट. बोट दुरुस्तीसाठी सुएझला अडकली आणि खलाशांना एका दिवसाची सुट्टी मिळाली. बाकीच्यांनी ती झोपून काढली. मामांनी हसन नावाचा गाईड केला आणि पहाटेच निघून कैरो गाठलं. "आख्खा एक गाईड, एकट्या इनाससाठी," हे वाक्य मी त्यांच्या तोंडून इतक्यांदा ऐकलं आहे की झोपेतसुद्धा म्हणून दाखवीन. हसन काठी वर धरून पुढे, मामा मागे. त्या एका दिवसानं मामांची चाल कायमची बदलली.

मिसर देश मामांनी पाहिला तो मासे पारखावेत तसा. पिरॅमिडबद्दल त्यांचं मत फारसं बरं नव्हतं. "एवडा दगुड रचला, पन आत वारा नाय. ऱ्हायचं कसं मान्सानं?" ते राहण्यासाठी नव्हतंच, हे मी सांगून पाहिलं. "मंग तर आनकीच वाईट," मामा म्हणाले. स्फिंक्स मात्र त्यांना आवडला होता. "नाक गेलंय, मास्तर, पन तोरा गेला नाय."

खरा रंग भरायचा तो अजबखान्यात, ममीपाशी. हसननं मोठ्या अदबीनं सांगितलं की हा राजा मिठात मुरवून वाळवला, म्हणून हजारो वर्षं टिकला. झालं, मामा आपल्या विषयावर आले. त्यांनी काचेला नाक लावून राजाला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि निकाल दिला. मीठ बरोबर, ऊन कमी. पोट नीट साफ केलेलं, पण पालटून वाळवलेला नाही, म्हणून एक बाजू काळी पडली. पाचूबंदरला घोळ मासळी कशी चिरतात, मीठ कसं भरतात, बोंबील वलांडीच्या काठ्यांवर कसे टांगतात, हे सगळं त्यांनी हातवारे करून हसनला समजावलं. पहारेकरी जमले. "आमच्या कात्रीननं सुकवला अस्ता ना, तर राजा आजून उटून बसला अस्ता," असं म्हणून मामा थांबायचे आणि आतल्या दाराकडे हळूच बघायचे.

कात्रीन म्हणजे मामी. सहल इथवर आली की त्या आतून म्हणायच्या, "मग देवळात गेले."

"व्हय, गेलो ना," एवढं म्हणून मामा जाळी बघायला उठून जायचे.

हे देऊळ म्हणजे साधी गोष्ट नव्हती. हेरोद राजाच्या भीतीनं मारिया आणि जोसेफ बाळ येशूला घेऊन मिसरला पळाले, तेव्हा ज्या जागी लपले म्हणतात तिथं कैरोत एक जुनं देऊळ, म्हणजे चर्च, आहे. मामींच्या लग्नाला तेव्हा बारा वर्षं झाली होती आणि पाळणा रिकामाच होता. बोटीवर जाताना त्यांनी मामांच्या हातात मेणबत्ती दिली होती. बोट मिसरला लागलीच तर तेवढी तिथं लावा, म्हणाल्या होत्या. पुढे मूल झालं नाही ते नाहीच. तरी ती मेणबत्ती लावून आल्याचं मामी शेजारणींना अभिमानानं सांगत.

एका दुपारी मामा माझ्या खोलीत आले, दार लावून घेतलं आणि छत्री हातात नसताना पहिल्यांदाच माझ्याशी बोलले. चर्चमध्ये नवे फादर आले होते. रोमहून परतताना ते कैरोला उतरले होते आणि ते देऊळ त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. उद्या ते मामांच्या घराला आशीर्वाद द्यायला येणार होते.

"मास्तर, तुमच्या भूगोलात ते देऊळ हाय?"

"का हो? तुम्ही पाहिलंय ना?"

मामा खाली बसले. "त्या राजापाशीच येळ गेला. मी बोलत ऱ्हायलो. म्हाताऱ्यागत बोलत ऱ्हायलो. देवळाला गेलो तर दाराला कुलूप. बोट चुकली अस्ती म्हनून तसाच परत फिरलो. घरी आलो, तर ही धक्क्यावर उबी. लावली का, म्हनली. माज्या तोंडून लावली म्हनून निघून गेलं. आता उद्या फादर इचारील, नि तिला कळंल."

मला त्यांचा राग यायला हवा होता, पण आला नाही. मी पुस्तक काढलं. त्यात नाईल नदीची लांबी होती आणि कापूस होता. देऊळ नव्हतं. शेवटी मी मास्तरी सल्ला दिला की देऊळ जुनं होतं, अंधार होता, एवढंच म्हणा. मामांनी ते दोनदा घोकलं.

दुसऱ्या दिवशी फादर आले, पाणी शिंपडून झालं, चहा आला. फादरांना मिसरला गेलेला माणूस भेटल्याचा इतका आनंद झाला की ते खुर्ची ओढून जवळच बसले. "इनास, जमिनीखालच्या त्या जागेत तुम्ही उतरलात का? पायऱ्या किती आहेत, आठवतं?"

मामांनी माझ्याकडे पाहिलं. मी चहाकडे पाहिलं.

"त्यांना कसं आठवंल, फादर," मामी कपबशी पुढे करत सहज म्हणाल्या. "रडत उतरले नि रडत चडले. मला रातभर सांगत व्हते. बिस्कुट घ्या."

फादरांनी मान हलवली आणि बिस्कीट घेतलं. मामा तोंड वासून बायकोकडे बघत राहिले. जे त्यांनी कधी सांगितलंच नव्हतं, ते तिनं ऐकलं होतं.

चार दिवसांनी मामा होडीवर गेलेले पाहून मी वलांडीपाशी मामींना गाठलं आणि विचारलंच. त्या बोंबील टांगत होत्या, हात थांबला नाही.

"आले त्याच दिसी कळलं, मास्तर. विहिरीपुढं आर्धा तास बोलनारा मानूस. त्या देवळावर एकच सबूद."

"मग फादरांशी खोटं बोललात?"

"शनवारी पाप सांगायला जाईन तवा सांगीन त्यांना."

"पण शेजारणींना मेणबत्तीचं इतकी वर्षं कशाला सांगत आलात?"

मामींनी दोन बोंबील एकमेकांच्या जबड्यात अडकवले आणि काठीवर टाकले.

"मेनबत्ती लावून पोर झालं नाय, तर लोक देवाला बोलतील. लावलीच नाय म्हनून कळलं, तर ह्यांना बोलतील. देवाला सोसतं, मास्तर. ह्यांना नाय सोसायचं."