सावल्या कमी, गवत बंद

पिंप्राळ्यात पितांबरनानांच्या दारावरची पाटी लीलाधरने रंगवली आहे, पण मजकुराची जबाबदारी त्याची नाही. पाटी म्हणते: ‘पितांबरनाना, गुप्तहेर. खान्देशातील सर्वात तीक्ष्ण नजर. तापीच्या दोन्ही काठांवरील गुन्हेगारांचा कर्दनकाळ. बेल वाजवू नये, आपण आलात हे आम्हाला कळलेले आहे.’

बेल बिघडलेली होती, हे खरं कारण.

नानांनी तीस वर्षं टेलिफोनच्या खांबांवर चढून नोकरी केली. इतक्या उंचीवरून बघायची सवय लागली की माणसाला पायाखालचं दिसत नाही, असं लीलाधरचं मत होतं, पण त्याने ते कधी बोलून दाखवलं नाही. तो आला होता पाटी रंगवायला. त्याच्याकडे स्कूटर आहे हे नानांनी तर्काने ओळखलं (स्कूटर दारातच उभी होती) आणि त्याच दिवशी त्याला सहायक नेमून टाकलं.

दिवाळी आठवड्यावर आली असताना नानांची भाची चारुलता बेल न वाजवता आत आली.

“मामा, माझा गेम अडखळतोय.”

नानांनी भिंग काढलं. कोणतंही प्रकरण आलं की ते भिंग काढतात, त्यातून काही बघत मात्र नाहीत.

प्रकरण असं होतं. पुण्याच्या एका कंपनीने चारुलताला हातात धरून खेळायचं एक छोटं यंत्र पाठवलं होतं, दोन्ही बाजूंना बटणं आणि मध्ये पडदा. त्यात चिलखत घातलेली एक बाई तलवारीने राक्षस मारते आणि प्रत्येक राक्षसामागे थोडी शहाणी होते. एवढ्याशा यंत्रावर हा अवजड गेम न अडखळता चालेल अशी सेटिंग शोधून काढायची: सेकंदाला चाळीस चित्रं, आणि तीही गवत आणि सावल्या चालू ठेवून. सोमवारी सकाळपर्यंत अहवाल गेला तर घरबसल्या नोकरी. नाही गेला तर वडिलांनी बी.एड.चा फॉर्म आणून ठेवला होता. त्यावर तिचा फोटोही चिकटवून झाला होता.

“कधीपासून अडखळतोय?”

“दसऱ्यापासून. आदल्या दिवशी घोड्यासारखा पळत होता.”

“दसऱ्याला यंत्राजवळ कोण आलं होतं?”

“तुम्हीच. शस्त्रपूजा केलीत ना, माझ्या यंत्राची आणि तुमच्या भिंगाची.”

“मला वगळून.”

“मग कोणीच नाही.”

नानांनी वहीत लिहिलं: ‘संशयित शून्य. अर्थात गुन्हेगार अत्यंत हुशार.’

तिघे चारुलताच्या घरी गेले. तिची आई कुंदाबाई, म्हणजे नानांची धाकटी बहीण, पुढ्यात कापसाचा ढीग घेऊन दिवाळीच्या वाती वळत बसली होती. तिच्याशेजारी बसून चारुलताने गेम सुरू केला. पाच मिनिटं बाई झपाझप चालली, मग लग्नाच्या पंगतीतून उठल्यासारखी जड झाली. तलवार वर गेली ती खाली यायचं नाव घेईना, आणि तेवढ्यात राक्षसाने तिला दोनदा मारलं.

“सावल्या फार आहेत,” नाना म्हणाले. “जिथे सावली, तिथे संशय.”

चारुलताने सावल्या कमी केल्या. फरक नाही.

“गवतात कोणीतरी दबा धरून बसलंय. गवत काढ.”

गवत गेलं. मग पाण्यातली प्रतिबिंबं गेली, धुकं गेलं, लांबचे डोंगर गेले. उरलं ते बोडकं माळरान, आणि त्यावर अधांतरी तरंगणारी एक बाई. ती अजूनही अडखळतच होती. लीलाधरला वाईट वाटलं. सावली दिल्याशिवाय पाटीवरचं अक्षरसुद्धा उठत नाही, हे त्याला पोटापाण्यामुळे माहीत होतं. चारुलताकडे बघून तर त्याला त्याहून वाईट वाटलं. तिची नजर कपाटावरच्या त्या फॉर्मकडे गेली होती.

शनिवारी नानांना दुसरा सुगावा लागला. हीच परीक्षा धुळ्याचा स्वप्नील नावाचा मुलगाही देत होता.

“घातपात!” नाना म्हणाले आणि लीलाधरला घेऊन एस.टी.त बसले.

धुळ्यात स्वप्नीलने त्यांना शेव-भाजी खाऊ घातली. त्याचं यंत्र उत्तम चालत होतं. “दोघांनाही घेणार आहेत हो कंपनीवाले,” तो म्हणाला. “तिचं यंत्र फार तापतं का? पंखा बघा एकदा.”

नानांनी छताकडे पाहिलं. पंखा चालू होता. वहीत नोंद झाली: ‘संशयिताने तपास भरकटवण्याचा प्रयत्न केला. भाजी उत्तम.’

“नाना, त्याला यंत्राच्या आतला पंखा म्हणायचं असेल,” लीलाधर परतीच्या एस.टी.त म्हणाला.

“लीलाधर, तू अजून लहान आहेस.”

लीलाधर बावन्न वर्षांचा होता.

रविवारी दुपारी सगळे पुन्हा कुंदाबाईच्या ओसरीवर जमले. नाना आपला तिसरा सिद्धांत मांडत होते, त्यात चिलखतवाली बाई स्वतःच फितूर निघणार होती. कुंदाबाई वाती वळता वळता थांबली.

“भाऊ, तू बठ्ठं धुये फिरी उना,” ती म्हणाली. “पन या डबाना वारा कोठे गया?”

“कसला वारा?”

“पहिले दिन या डबामाईन वारा ये. मना कापूस उडी जाये. आते वातबी हालत नही.”

सगळ्यांनी कापसाकडे पाहिलं. यंत्राच्या जाळीसमोर ढीग होता, आणि त्याची एक तार हलत नव्हती. चारुलताने यंत्र बंद केलं. कुंदाबाईने ते उलटं धरलं आणि सूप झटकावं तसं दोनदा झटकलं. तिसऱ्यांदा खालून एक तांबूस दाणा वातींच्या ताटलीत पडला. टिच.

“हाई कनी शे,” कुंदाबाई म्हणाली. “कुंकू लायेल. पूजाले आख्खा तांदूळ लागस. चिमन्यासनी बरनीमाईन कनी कोनी लिन्ही?”

अख्खा तांदूळ जाळीतून आत गेलाच नसता; चिमण्यांसाठी बरणीत ठेवलेली कणी, म्हणजे तांदळाचा तुकडा, सहज गेला होता. दसऱ्याला भाचीच्या यंत्रावर, तिला यश यावं म्हणून, मूठभर अक्षता कोणी उधळल्या होत्या हे सगळ्यांना आठवत होतं. नानांचा चेहरा उतरला. त्यांनी वही उघडली, ‘संशयित शून्य’ खोडलं आणि सावकाश स्वतःचं नाव लिहिलं. त्यांनी स्वतः पकडलेला हा पहिला गुन्हेगार होता, हे लीलाधरने मनातच ठेवलं.

“मामा, तुम्ही माझ्यासाठीच केलं होतं,” चारुलता म्हणाली.

तिने गेम सुरू केला. आतल्या पंख्याचा घूंऽऽ असा आवाज झाला आणि एक वात उडून नानांच्या मिशीवर बसली. मग तिने एकेक गोष्ट परत आणली. डोंगर आले, धुकं आलं, गवत डुलायला लागलं, सावल्या मध्यमवर थांबल्या, बाईचे पाय जमिनीला टेकले. चाळीस चित्रं, अर्धा तास, एकदाही न अडखळता. संध्याकाळी अहवाल गेला.

लक्ष्मीपूजनाला चारुलताच्या यंत्राशेजारी नोकरीचं पत्र ठेवलं होतं. बी.एड.च्या फॉर्मवरचा फोटो काढून वडिलांनी तो कंपनीच्या ओळखपत्रासाठी दिला होता. अक्षतांची वाटी पुढे आली तशी नाना अवघडून मागे सरले.

“मामा, तुम्हीच करा,” चारुलता म्हणाली.

नानांनी वाटीतून तांदळाचा एकच दाणा उचलला. खिशातून भिंग काढलं, दाणा उजेडाकडे धरला आणि भिंगातून तो दोन्ही टोकांनी नीट तपासला. अख्खा होता. मग तो त्यांनी यंत्रापासून वीतभर लांब, पाटाच्या कडेला ठेवला आणि हात जोडले.

भिंगातून काही बघताना लीलाधरने त्यांना पहिल्यांदाच पाहिलं.