प्रश्न क्रमांक एकतीस

रामहरी वाळुंज यांनी आयुष्यात आलेल्या प्रत्येक पत्राला उत्तर दिले होते. एका पत्राला मात्र नऊ महिने झाले तरी दिले नव्हते.

देवळाली प्रवरेच्या एका शाळेत त्यांनी चौतीस वर्षे ग्रंथपाल म्हणून काढली. पुस्तक परत आले नाही तर ते आधी स्वतःवर संशय घेत आणि मग विद्यार्थ्यावर. अशा माणसाकडे नगरच्या एका मोठ्या रुग्णालयाने, ज्याच्या नावात ‘सेवा’ हा शब्द दोनदा येतो, फक्त एका शब्दाचे उत्तर मागितले होते.

पत्राच्या माथ्यावर जिल्ह्याचे जुने नाव खोडून नव्या नावाचा शिक्का मारलेला होता. विषय असा: ‘आपल्या शस्त्रक्रियेच्या दिवशी सकाळी ७.४० ते ८.०० या वीस मिनिटांबाबत.’ मजकूर असा: ‘सदर वेळी आपणांस भीती वाटत होती काय? उत्तर फक्त हो किंवा नाही असे द्यावे. कारणे देऊ नयेत. सात दिवसांत उत्तर न आल्यास ते आले नाही असे समजण्यात येईल.’

त्या सकाळी रामहरींच्या उजव्या बाजूच्या हर्नियाचे ऑपरेशन होते. हिरवा झगा घालून, कवळी वाटीत काढून ठेवून ते खाटेवर उताणे पडले होते. निकिता बटुळे नावाची परिचारिका त्यांचा पाहणीचा फॉर्म भरत होती. फॉर्मात बेचाळीस प्रश्न. काल रात्री काय खाल्ले, दात खरे की खोटे, अंगावर सोने आहे का, असे करत ती एकतिसाव्या प्रश्नापाशी आली.

“आजोबा, ऑपरेशनची भीती वाटते का?”

“नाही,” रामहरी म्हणाले. बोलता बोलता त्यांच्या डोळ्यांतून पाणी ओघळले, आणि माणूस उताणा असला की ते पाणी जिथे जाते तिथे, म्हणजे दोन्ही कानांत गेले.

“बरं, ‘नाही’ लिहिते,” निकिता म्हणाली. “पण तेवढे कान पुसून घ्या.”

तिने ‘नाही’ लिहिले, कारण रुग्ण जे सांगेल ते त्याच्याच शब्दांत लिहावे असे तिला शिकवले होते. मग स्टूल ओढून ती बसली, कारण रुग्ण जे सांगत नाही तेही पाहावे असे तिला शिकवले होते. त्यांचा हात हातात घेऊन तिने विचारले, “तुमच्या शाळेत पुस्तकं किती होती हो?” रामहरी कपाटावार सांगू लागले. नवव्या कपाटापाशी आले तेव्हा स्ट्रेचर आले. तोवर वीस मिनिटे झाली होती.

ही वीस मिनिटे कॅमेऱ्यात सापडली. परिचारिका बसतात का, हे पाहण्यासाठीच तो कॅमेरा लावलेला होता.

इथे थोडे शास्त्र सांगायला हवे. रुग्णसेवेच्या पाच पायऱ्या पुस्तकात दिलेल्या असतात: पाहणी, निदान, नियोजन, कृती आणि मूल्यमापन. या रुग्णालयाने त्यात ‘नोंद’ ही सहावी पायरी घातली. काही वर्षांच्या अनुभवाने असे आढळले, की सहावी पायरी नीट चढली तर खालच्या पाच नसल्या तरी चालतात. जे लिहिले नाही ते केलेच नाही, असे कायद्याचे जाणकार सांगतात. जे लिहिले ते झालेच, हा पुढचा शोध रुग्णालयाचा स्वतःचा.

निकितावर दोन आरोप ठेवण्यात आले. आरोप ‘अ’: रुग्णास भीती नसताना त्याच्याजवळ वीस मिनिटे विनाकारण बसणे. आरोप ‘ब’: रुग्णास भीती असताना ‘नाही’ अशी खोटी नोंद करणे. हे दोन्ही एकाच वेळी खरे असू शकत नाहीत, असे तिने नम्रपणे निदर्शनास आणले. नीतिमत्ता समितीने ते तत्काळ मान्य केले. समितीवर चार सदस्य होते. स्वायत्तता, हित, अहित टाळणे आणि न्याय, अशी परिचर्येची चार तत्त्वे त्यांना एकेक वाटून दिली होती. न्यायाचे सदस्य मुलीच्या लग्नासाठी रजेवर होते, पण तिघांत कोरम होत असल्याने त्यांच्यावाचून काही अडले नाही. स्वायत्ततेच्या सदस्यांनी सुचवले, की कोणता आरोप खरा हे रुग्णालाच ठरवू द्यावे. रुग्णाच्या इच्छेचा एवढा मान आजवर कोणी ठेवला नसेल. म्हणून ते पत्र.

रामहरींनी पत्र चार वेळा वाचले आणि रुग्णालयाच्या गुणवत्ता अधिकाऱ्यांना फोन केला. करणसर म्हणून कोणी तरुण गृहस्थ होते. बोलणे गोड.

“काका, टेन्शन घेऊ नका. हो की नाही, एवढंच.”

“‘हो’ लिहिलं तर?”

“तर सिस्टरची नोंद खोटी. नर्सिंग कौन्सिलला कळवावं लागेल, रजिस्ट्रेशन जाईल. शिवाय घाबरलेल्या माणसाने दिलेली संमती धरायची कशी, हाही प्रश्न येतो. मग तुमचं ऑपरेशन झालं नाही असं धरावं लागेल. डिस्चार्जही रद्द होईल. कागदोपत्री तुम्ही अजून बारा नंबरच्या खाटेवर असाल.”

“मी तर घरी चहा पितोय.”

“त्याची नोंद आमच्याकडे नाही.”

“आणि ‘नाही’ लिहिलं तर?”

“तर ड्युटीवर रिकामं बसणं. नोकरी जाईल, रजिस्ट्रेशन राहील. त्या मानाने ‘नाही’ बरं, काका.”

“मी तोंडाने नाही म्हणालो, पण मनातून…”

“‘मनातून’ असा कॉलम नाही.”

रामहरींनी घसा साफ केला. “तुमचं स्वतःचं कधी ऑपरेशन झालंय?”

“अपेंडिक्सचं झालंय.”

“भीती वाटली होती?”

“तेव्हा मी इथे नोकरीला नव्हतो,” करणसर म्हणाले.

रामहरी उत्तराचे मसुदे करू लागले. पहिला दोन पानांचा झाला. त्यात भय आणि चिंता यांतला फरक आला होता. दुसऱ्यात तो काढला. सातव्यात त्यांना शंका आली, की कानातले पाणी कदाचित थंडीमुळे आले असेल. अकराव्यात ‘कदाचित’ हा शब्द सहा वेळा आला म्हणून तो फाडला. सात दिवस गेले, मग सात आठवडे. उत्तर आले नाही, असे समजण्यात आले. प्रकरण ‘प्रलंबित’ झाले आणि निकिताला निकाल लागेपर्यंत घरी बसवण्यात आले.

दिवाळीनंतर एका दुपारी पाथर्डीकडची एक बाई दारात उभी राहिली. निकिताची आई, कडूबाई. रामहरींच्या पत्नी छबूबाई यांनी तिला पाणी दिले.

“अकरा हंगाम ऊस तोडला, तवा पोरगी नर्स झाली,” कडूबाई म्हणाली. “आता नागापूरला कंपनीत खोकी बांधती. खोकी तरी रडत न्हाईत, म्हनती.”

रामहरींनी चष्मा पुसायला घेतला.

“बाबा, तुमी रडत हुते का न्हवते?”

“म्हणजे… डोळ्यांत पाणी होतं.”

“मंग त्येच लिवा की!”

“त्याला कॉलम नाही.”

“कॉलम बोडक्याचा! एवढी बुकं वाचली म्हनं तुमी. त्यात एक ‘व्हय’ घावंना का तुमाला?”

“आगं बाई,” छबूबाई म्हणाल्या, “ह्यांना पोरगी पसंत हाय का इचारलं तवा बी ‘कळवतो’ म्हनले हुते. माझ्या बापानं दुसरं ठिकान बघायला घेतलं, तवा कुठं पत्र आलं.”

जाताना कडूबाई एवढेच म्हणाली, “तिचा हात धरताना तुमाला लिवायला लागलं न्हाई, बाबा.” रामहरींनी त्या संध्याकाळी आणखी तीन मसुदे केले. तिन्ही चांगले झाले, म्हणून कोणता पाठवावा हे ठरेना.

दरम्यान रुग्णालय हातावर हात ठेवून बसले नव्हते. प्रकरणाचे मूळ स्टुलात आहे असे समितीला आढळल्याने सर्व वॉर्डांतली स्टुले भांडारात जमा करण्यात आली. मे महिन्यात परिचारिका दिन झाला. समई लावली, शपथ झाली, आणि ज्या सिस्टरच्या नोंदी शंभर टक्के पूर्ण होत्या त्यांना ‘आदर्श परिचारिका’ पुरस्कार जाहीर झाला. मंचावर बोलावण्यासाठी त्यांना वॉर्डात शोधले, तर एकाही रुग्णाने त्यांना पाहिलेले नव्हते. त्या रेकॉर्ड रूममध्ये सापडल्या.

जूनमध्ये खोकताना रामहरींना डाव्या बाजूला गाठ लागली. डॉक्टरांनी चाचपून तारीख दिली आणि रुग्णालयाने फॉर्म आगाऊच घरी पाठवला. प्रश्न तेच बेचाळीस. फक्त एकतिसाव्यापुढे ‘नाही’ हे उत्तर छापून आले होते. खाली टीप: ‘रुग्णांचा वेळ वाचावा म्हणून उत्तर देण्यात आलेले आहे. बदल हवा असल्यास समुपदेशकाचा अहवाल जोडावा, त्याशिवाय शस्त्रक्रिया होणार नाही. समुपदेशकाचे पद रिक्त आहे.’

रामहरींनी पुन्हा करणसरांना फोन लावला.

“त्या सकाळी माझ्याजवळ कोणी बसेल का?”

“कशावर?” करणसरांनी विचारले.

रामहरींनी फोन ठेवला आणि नऊ महिन्यांत जे जमले नव्हते ते दहा मिनिटांत लिहिले:

‘हो. मला भीती वाटत होती. मी नाही म्हणालो ते खोटे होते. सिस्टरांनी माझे बोलणे लिहिले आणि माझा चेहरा पाहून त्या बसल्या. दोन्ही कामे त्यांनी बरोबर केली. आपल्या फॉर्मात जागा एकच आहे, हा त्यांचा दोष नाही. त्यांना कामावर घ्यावे.’

छबूबाईंनी ते वाचून घेतले. “चांगलं लिवलंय,” त्या म्हणाल्या. लग्नानंतर असे त्या प्रथमच म्हणत होत्या. मग त्यांनी फॉर्मकडे बोट केले. “आन् ह्येचं?”

रामहरींनी फॉर्म जवळ ओढला. गाठ दुखत होती. तारीख चुकली तर पुढची कधी मिळेल, हे कोणी सांगत नव्हते. एकतिसाव्या प्रश्नावर पेन बराच वेळ थांबले. आपल्याला भीती वाटत नाही, या मजकुराखाली त्यांनी भीतीपोटी सही केली.

“एका मानसाच्या दोन सह्या,” छबूबाई म्हणाल्या. “त्ये कंची खरी धरतील?”

“छापील कागदावरची.”

“मंग त्या पोरीचं?”

रामहरींनी उत्तर दिले नाही. त्याचा मसुदा करावा लागला असता.

इथे वाचकांना रामहरींचा राग येणे साहजिक आहे. राग धरण्याआधी त्यांनी एवढेच आठवून पाहावे, की मागच्या खेपेस रुग्णालयात आपण सही केली तिच्या वर काय छापलेले होते. आठवल्यास कळवावे. उत्तर न आल्यास ते आले नाही असे समजण्यात येईल.

दुसऱ्या दिवशी सकाळी रामहरींनी उत्तर आणि फॉर्म एकाच पाकिटात घातले, स्पीड पोस्टाने नगरला पाठवले, आणि पावती नीट घडी करून खिशात ठेवली.