अठ्ठेचाळीस वर्षांची दुधाची दाढ

फोनमधल्या गेमात माझी मुलगी गार्गी अठ्ठेचाळीस वर्षांची आहे. खरी ती नऊ वर्षांची. अठ्ठेचाळीस मी आहे. बंदुकांचा तो गेम अठरा वर्षांखालच्यांसाठी नाही, असं तिथं स्वच्छ लिहिलं होतं. पण तालुक्याच्या गावी, वाशीला, माझ्या औषधांच्या दुकानात गिऱ्हाईक उभं, गार्गी शर्टाला लोंबकळलेली. मी स्वतःची जन्मतारीख टाकली आणि फोन तिच्या हातात दिला. ही चूक आधीच सांगून टाकतो, कारण आता ज्यांच्याविषयी सांगायचं आहे, त्यांना मी हसत होतो.

ते आमचे तेरखेड्याचे शेजारी, अप्पा. गावात फटाके विकणारे पुष्कळ, पण गिऱ्हाइकाचे दात बघून माल देणारे अप्पा एकटेच. पोरगं आलं की चष्मा कपाळावर नेतात आणि बैलबाजारात उभे असल्यासारखी त्याची हनुवटी धरतात. "आ कर." पुढचे दात पडलेले असले तर फुलबाजी, तीही बापानं धरायची. नवे आले असले तर भुईचक्र. सुतळी बॉम्बला अक्कलदाढ लागते. एका नवरदेवाला ती आली नव्हती म्हणून त्यांनी रिकाम्या हातानं परत धाडलं. "लगीन कर खुशाल, बॉम्ब मिळायचा न्हाय."

अप्पा, आधार कार्ड बघा की, असं मी म्हणायचो. कागद कुणीही लिहितं, असं त्यांचं म्हणणं.

गेममधलं वय त्यांना गार्गीनंच सांगितलं. तेव्हापासून तिला अहो-जाहो सुरू झालं. "काय मावशी, गुडघं काय म्हनत्यात? शुगर तपासली का?" गार्गी खिदळायची. एक दिवस तिला आ करायला लावून त्यांनी मला हाक मारली.

"भाऊ, बघा. अठ्ठेचाळीस वर्सं झाली, दुधाची दाढ पडंना."

मी हसलो. ते हसले नाहीत. "फोनला डोळं न्हाईत. तुमाला हायत की. गोळ्या देताना चिठ्ठी मागता का न्हाय?"

मागतो, म्हटलं, पण हा खेळ आहे.

मग त्यांनी फोन मागून घेतला. तपासल्याशिवाय ते कुठलाच माल ठेवत नाहीत. आमच्या ओट्यावर बसून अप्पा युद्धावर गेले. गोळी एकही झाडली नाही. शत्रू समोर आला की "सर बाबा बाजूला" म्हणायचे आणि मरायचे. गार्गी शेजारी बसून शिकवत होती. तेवढ्यात स्फोट झाला, एक माणूस हवेत उडाला, आणि गार्गीनं डोळे गच्च मिटले. स्फोट व्हायच्या जरा आधीच; तो कधी होतो, हे तिला पाठ झालं होतं. हल्ली परसात एकटी जायला भीती वाटते, असं ती मला सांगून दमली होती. मी हसण्यावारी नेलं होतं.

अप्पांनी फोन पालथा ठेवला. गार्गीला पाणी आणायला आत पाठवलं.

"आमचा महेश सात वर्सांचा हुता. बॉम्बसाठी हट्ट धरला. दुकानात ही गर्दी. म्याच दिला हातात. दोन बोटं गेली."

महेश पुण्याला असतो आणि दिवाळीला कधी येत नाही, एवढंच मला ठाऊक होतं. त्याच्याशी यावर कधी बोललात का, असं मी विचारलं.

"तवाच म्हनायला पायजे हुतं, चुकलं म्हनून. आता त्याचा फोन आला की मी एवढंच इचारतो, शेंगा पाठवू का."

गार्गी तांब्या घेऊन आली. अप्पा घटाघटा पाणी प्याले, "येतो मावशी" म्हणाले आणि दुकानाकडं गेले.

मी गार्गीला ओट्यावर जवळ बसवलं.

"तुझं वय मी खोटं लिहिलं. तू भीती वाटते म्हणालीस, तर हसलो. माझं चुकलं, बाळा."