मानाचं डबकं

एका जंगलात, बाळांनो, झाडांपेक्षा रिवाज जास्त होते. वणवा लागला की तिथले प्राणी आधी रिवाज वाचवत आणि मग पिल्लं.

त्यातला सगळ्यांत थोर रिवाज मानाच्या डबक्याचा. दर पौर्णिमेच्या सकाळी नखवाल्या प्राण्यांनी रांग लावायची. आधी वाघमहाराज, मग बिबट्या, मग तरसाजी प्रधान, मग काजळी अस्वलीण, मग बाकीचे. एकेकाने डबक्यात पंजा बुडवायचा आणि शेजारच्या सागावर नखं परजायची. डबक्यातलं पाणी कधी बदलत नसत. महाराजांचा पंजा लागलेलं पाणी उपसून टाकायचं, म्हणजे काय?

एका वर्षी महाराजांचं नख पिवळं पडलं. मग जाड झालं. कडेने भुसा पडू लागला. ते सगळ्यांना दिसलं, म्हणून कुणीच बोललं नाही. शेवटी तरसाजी म्हणाला, "महाराजांच्या पंज्याला सोनं उगवलंय."

"असं म्हणता?" महाराज म्हणाले. नख ठणकत होतं. पण सोनं म्हटल्यावर ठणका जरा कमी झाला.

चार महिन्यांत बिबट्याला सोनं उगवलं. मग तरसाजीला. मग काजळीला. जंगलात आनंदीआनंद झाला. ज्याचं नख अजून साधं होतं, त्याच्या निष्ठेबद्दल कुजबुज सुरू झाली.

काजळीला मात्र काही आनंद होईना. तिचं पोट नखांवर होतं. टेकडीवरचं वारूळ उकरायचं, वाळवी काढायची, दोन पिल्लांना घालायची. जाड झालेलं नख जमिनीला लागलं की कळ मस्तकात जाई. एके दिवशी वारूळ अर्धं उकरलं आणि नखाचा तुकडाच मोडला. पिल्लं उपाशी झोपली. काजळी खूप रडली.

सल्ले फुकट मिळाले. कुणी म्हणालं, मध चोळ. तिने चोळला, पिल्लांनी चाटला. कुणी म्हणालं, वरून लाख लावून झाकून टाक. तिने झाकलं, आत जास्तच कुजलं.

मग ती लपतछपत खवल्या मांजराकडे गेली. हा जंगलातला वैद्य. नाकापासून शेपटीपर्यंत त्याच्या अंगावर खवले, आणि खवले म्हणजे नखाचीच जात. त्याला नखातलं कळणार नाही तर कुणाला?

"दगडावर आपटलं होतं का?" खवल्याने विचारलं. "मार लागूनही नख पिवळं पडतं. न बघता औषध द्यायला मी काही प्रधान नाही."

"नाही आपटलं."

त्याने थोडा भुसा खरवडून पानावर घेतला आणि नीट तपासला. "बुरशी आहे. ओल मिळाली की वाढते."

"म्हणजे सोनं नव्हे?"

"सोन्याला वास येत नाही, काजळीबाई."

त्याने लेप दिला. रोज लावायचा, नख घासून पातळ ठेवायचं, पंजा धुतला की बोटांच्या बेचक्यांतून कोरडा करायचा, परजायला स्वतःचा वेगळा दगड घ्यायचा.

"किती दिवस?"

"जुनं नख जाऊन पुरतं नवं येईपर्यंत. वर्ष धरा. मध्येच बरं वाटेल, तेव्हा सोडू नका. सगळे तिथेच सोडतात."

"आणि डबकं?"

खवल्याने अंगाचा चेंडू केला. राजकारण निघालं की तो असंच करी. चेंडूतून आवाज आला, "डबक्यात पाय घालू नका. आणि हे मी सांगितलं, असं कुठे सांगू नका."

काजळीने वर्षभर नेटाने केलं. कधी पिल्लाला ताप, कधी माहेरी मधाचा हंगाम, अशी निमित्तं काढून रांग चुकवली. हळूहळू मुळाशी पांढरं, स्वच्छ नख दिसू लागलं. तांदळाच्या दाण्याएवढं, मग शेंगेएवढं, मग पुरतं. त्या दिवशी वारूळ एका दमात फुटलं. पिल्लं ढेकर देऊन झोपली आणि काजळी कितीतरी वेळ आपला पंजाच बघत बसली.

आणि मग वर्षाची मोठी पौर्णिमा आली. ती चुकवता येत नसे. जो येणार नाही, त्याचं रान दुसऱ्याला जाई. काजळीचं रान म्हणजे ते टेकडीवरचं वारूळ. तिने रानहळद वाटली, नखांना फासली आणि पिल्लांना सोबत घेऊन चौथ्या जागेवर जाऊन उभी राहिली.

महाराजांनी पंजा बुडवला. पाणी पिवळं झालं. हळदीचा वास काजळीच्या नाकात शिरला, आणि अस्वलाचं नाक फसत नाही. महाराजांनी पंजा काढला तो पांढऱ्याशुभ्र नखांचा, आणि घाईने पोटाखाली घेतला. बिबट्याचं तेच. तरसाजीचं तेच.

गंमत म्हणजे वर्षभर रांगेला कुणीच फिरकलं नव्हतं. महाराज दौऱ्यावर होते, बिबट्याकडे सुतक होतं, तरसाजीची कंबर धरली होती. काजळीला हे कळायला ती तरी कुठे आली होती? जवळच्या झाडीत एक चेंडू पडला होता. तो आणखी घट्ट झाला.

काजळीच्या ओठांवर आलं होतं, महाराज, आपण सगळेच बरे झालोय, हे डबकं बुजवून टाकू. तिने पुढे पाहिलं. तिघंही आभाळाकडे बघत होते. तिने मागे पाहिलं. रानमांजरापासून मुंगसापर्यंत सगळ्या रांगेला हळदीचा वास येत होता. कुणीतरी बोलेल म्हणून ती थांबली. सगळेच त्यासाठी थांबले होते.

"काजळीबाई, खोळंबा होतोय," तरसाजी म्हणाला.

काजळीने टेकडीकडे पाहिलं. पिल्लांकडे पाहिलं. आणि वर्षभर जपलेला पंजा पाण्यात घातला.

बुरशी तिथेच होती. डबक्याने कुठे औषध घेतलं होतं? चार महिन्यांत जंगलात पुन्हा सोनं उगवलं.

तात्पर्य: नखाची बुरशी ओळखता येते, टाळता येते आणि चिकाटीने औषध केलं तर बरीही होते. म्हणून बाळांनो, पाय नेहमी कोरडे ठेवावेत, फक्त चारचौघांत ओले करावेत. आणि घरातली हळद कधी संपू देऊ नये.