गेरूचा पट्टा

पेठेतून दोन बैलगाड्या समोरासमोर सहज गेल्या पाहिजेत, जे आड येईल ते पाडा, असा प्रांतसाहेबांचा हुकूम आला आणि बेल्ह्याच्या वाटेवरच्या त्या गावात सुधारणा कमिटी जमली. १९०७ साल होतं, प्लेग नुकताच ओसरला होता. आड काय येतं हे ठेच लागून कुणालाही कळलं असतं. कमिटीचे चेअरमन सुवालालशेठ यांच्या दुकानाचा दगडी ओटा सहा हात रस्त्यात आला होता आणि सभासद सोपान पाटलांचा गोठा दोन हात. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि गावाच्या टोकाचा गजराबाई धनगरणीचा मेंढवाडा पाडायचं एकमतानं ठरवलं.

"माझा वाडा रस्त्यात न्हाई, कडंला हाय," गजराबाई म्हणाली. "पाऊस तोंडावर आलाय. दीडशे मेंढरं कुटं नेऊ?"

"गावाच्या भल्यासाठी कुणीतरी झळ सोसायला पाहिजे, बाई," सुवालालशेठ म्हणाले. हा 'कुणीतरी' कमिटीच्या बैठकीत कधी बसलेला नसे.

मग शेठनी जानकू मुकादमाला चार लोकांत बजावलं, "गेरूचा पट्टा दिसेल ते पाडायचं. कुणाचंही असो, कुणाचंही, विचारत बसायचं नाही!" न्याय कसा ऐकू आला पाहिजे, म्हणून 'कुणाचंही' हा शब्द त्यांनी दोनदा उच्चारला. मेंढवाड्याच्या भिंतीवर पट्टा ओढला गेला.

साहेब यायच्या दिवशी शेठ हार घेऊन वेशीबाहेर गेले. इकडे गजराबाई मेंढरं घेऊन निघाली. परक्या रानात कळप मिसळू नये म्हणून तिनं भल्या सकाळी प्रत्येक मेंढराच्या कुशीला गेरू फासला होता. पेठेत कळप आरामात चालला, पण शेठच्या ओट्यापाशी रस्ताच उरला नव्हता. दीडशे मेंढरं ओट्याला घासत, रेटत, बें-बें करत पार झाली. मागं ओट्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत लालभडक पट्टा उमटला.

जानकूची माणसं पहारी घेऊन आली. पहिलाच घाव पडला तशा शेठच्या पत्नी जतनबाई धावत बाहेर आल्या.

"अरे, डोळे फुटले का? चेअरमनांचा ओटा आहे हा!"

"पट्टा हाय, बाई. कुणाचंबी असू दे, इचारायचं न्हाई, आसं शेटजीच म्हणलं," जानकू म्हणाला.

साहेबांचा टांगा पेठेत शिरला तेव्हा ओट्याच्या जागी दगडांचा ढीग होता. शेठचा जबडा खाली आला तो वर जाईना.

"शाब्बास, चेअरमन!" साहेब उतरून म्हणाले. "स्वतःपासून सुरुवात करणारा पुढारी मी आज पाहिला. आता बाकीचे सभासदही तुमचाच कित्ता गिरवतील. रस्ता ऐसपैस झाला, तुम्ही कळवलेल्या त्या बाईच्या मेंढवाड्याला हात लावायचं कारण नाही."

सोपान पाटील पांढरेफटक पडले आणि त्या दिवसापासून त्यांनी शेठशी बोलणं टाकलं. शेठनी मात्र साहेबांसमोर मान तुकवली. मोठेपणा आयता अंगावर येऊन पडला, तर तो झटकून टाकण्याइतका प्रामाणिकपणा त्यांच्यात नव्हता. दिवस कलेपर्यंत ओटा आपणच पाडला अशी त्यांची खात्री झाली होती.

वाडा वाचल्याचं कळून गजराबाई कळप घेऊन परतली तेव्हा ते दारातच उभे होते.

"गजराबाई, तुझा वाडा वाचावा म्हणून मी माझा ओटा मोडला. विसरू नकोस."

गजराबाईनं ओट्याची रिकामी जागा पाहिली, मग दुकानाचा दरवाजा पाहिला.

"न्हाई इसरायची, शेटजी. पर दुकानबी हातभर फुडं आलंय तुमचं. मेंढरं परत कवा आणू?"