काचेतले आबासाहेब

श्री विद्युल्लता समर्थ. शके एकोणीसशे सेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सरे, मार्गशीर्षमासी एके राज्यात वर्तले ते येणेप्रमाणे. राज्याचे नाव पुसू नये. जेथे मुले आहेत आणि काचा आहेत तेथे ते आहेच.

महाराज समुद्रापार मोहिमेस निघाले तेव्हा राजकन्या गोजराबाई पाळण्यात होत्या. मग महाराजांनी एक उजळती काच राणीसाहेबांचे हाती दिली आणि बोलिले, "रोज जेवणाचे वेळी आम्ही यात येऊ. लेक बाप विसरावयाची नाही." आणि काचेने शब्द राखिला. पाने वाढिली की ती उजळे, आणि आत महाराज प्रगट होत, कधी अर्धे, कधी नुसते कपाळ, कधी बोलता बोलता थिजून राहत. आणि गोजराबाई बसू लागल्या, बोलू लागल्या, वरणभाताचा पहिला घास काचेस लावू लागल्या. मग महाराज परमुलखी मोठा आ करून जेविल्याचे सोंग करीत, मग बाईसाहेब आपण जेवीत, आणि राणीसाहेब काचेवरील शिते पुसून ठेवीत. ऐसी वर्षे स्वप्नासारखी गेली.

मग महाराज परतले. नगारे झाले, देवडीवर भाकरतुकडा ओवाळून टाकिला, आणि महाराजांनी दोन्ही हात पसरिले. गोजराबाई आईचे पदराआड गेल्या आणि म्हणाल्या, "हे कोण? केवढे मोठे आहेत." सारे हसले, महाराजही हसले, परंतु हात तैसेच पसरलेले राहिले. तेव्हा कारभारी विसाजीपंत पुढे झाले. यांस लेकरू नाही, सबब लेकरांविषयी मसलत फार. ते बोलिले, "दोष काचेचा. काच पेटीत घालावी, लेक आपसूक ताळ्यावर येईल." मग काच पेटीत गेली, कुलूप पडले, आणि त्या वेळेपासून राजकन्येने तोंड मिटिले ते उघडीना. चिऊचा घास झाला, काऊचा झाला, गोड शिरा झाला, आणि दुसरे दिवशी पोरीचे तोंड सुकून एवढेसे झाले. राणीसाहेबांनी जवळ घेऊन पुसिले, "बाळ, जेवत का नाहीस गं?" लेक म्हणाली, "आबा पेटीत आहेत. ते उपाशी आहेत. आधी ते जेवतात, मग मी."

हे ऐकोन विसाजीपंत जोडे पाहू लागले. महाराजांस आपलाच हेवा वाटला, मग लाजही वाटली. मग बोलिले, "काच काढा." आणि आपण दुसरी काच घेऊन पलीकडील दालनात गेले, आणि दार लाविले. लेकीपुढील काच उजळली.

"आबा, भूक लागली?"

"फार लागली. भरव."

घास लाविला. महाराजांनी आ केला. मग म्हणाले, "गोजरा, मी आता जातो हं. यापुढं काचेत यायचा नाही."

"मग तुम्हाला कोण भरवणार?"

सारे राज्यकारभारात ऐसा सवाल महाराजांस कोणी केला नव्हता. बराच वेळ काचेत काही हलेना, लेकीस वाटले थिजले. मग म्हणाले, "ते मोठे आबा आलेत ना, त्यांना भरव. त्यांना दिलेलं मला पोचतं."

"त्यांना मी आवडते?"

"खूप आवडतेस."

आणि काच विझली.

महाराज डोळे पुसून बाहेर आले, आणि लेकीचे पानाशी येऊन उभे राहिले, बसावयाचा धीर होईना. गोजराबाईंनी वर पाहिले, बहुत वेळ पाहिले, मग पाटावर किंचित सरकून जागा केली आणि सांगितले, "ते गेले. जाताना रडत होते." महाराज त्या जागेत बसले, आणि डोळे पुन्हा भरून आले. तेव्हा लेकीने घास उचलिला आणि म्हणाली, "तुम्ही नका रडू. आ करा."

सारांश, महाराज मोहिमेहून आले मार्गशीर्ष शुद्ध पंचमीस, आणि घरी पोचले षष्ठीस. पाहिले तैसे लिहिले. अधिक-उणे असेल ते वाचणारांनी आपापले घरी पाहून घ्यावे.