मालक स्वतः बोलतायत का?

माणसाने फोनवर खोटं बोलावं, पण निदान स्वतःच्या नावाने बोलावं, एवढं शहाणपण मला लग्नाला चोवीस वर्षं झाल्यावर आलं. तेही बायकोमुळे.

झालं असं, की दादा गेला आणि त्याची गाडी माझ्याकडे आली. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. दातांचा डॉक्टर. लग्न केलं नाही. साठी झाल्यावर दवाखाना बंद केला आणि ‘आयुष्यभर लोकांच्या तोंडात बघितलं, आता जरा रस्त्याकडे बघतो’ म्हणत विजेवर चालणारी एक लांबलचक, चकचकीत गाडी घेतली. तिची किंमत ऐकून मी मटकन खाली बसलो. (आधीच बसलेलो होतो. पुन्हा बसलो.)

दर रविवारी सकाळी त्याचा फोन यायचा, ‘चल, चक्कर मारू.’ मी म्हणायचो, ‘पुढच्या रविवारी नक्की.’ आठ महिन्यांत किती रविवार येतात ते मी मोजलेलं नाही. (मोजलंय. चौतीस.) मग एका मंगळवारी तो झोपेतच गेला.

मी जन्म-मृत्यू नोंदणीच्या कार्यालयात कारकून आहे. रोज आठ-दहा मृत्यूचे दाखले माझ्या हाताखालून जातात. दादाचा दाखला मात्र शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी टाइप केला. मी फक्त शिक्का मारला, तोही उलटा. बाई दुसरी प्रत काढायला उठल्या.

चार महिन्यांनी गाडीच्या विम्याची मुदत संपत आली. बायको म्हणाली, “आठच दिवस राहिलेत. आणि चार ठिकाणी चौकशी करा. पहिल्याच दुकानात शिरून पिशवी भरून येऊ नका.”

मी वहीत रकाने आखले. बॅटरी, चार्जर, काच, रस्त्यात बंद पडल्यास ओढून नेणे. पहिला फोन दादाच्याच विमा कंपनीला लावला आणि गाडीचा नंबर सांगितला.

“गाडीचे मालक स्वतः बोलतायत का?” पलीकडून एका मुलीने विचारलं.

‘ते वारले.’ दोनच शब्द. ऑफिसात दिवसातून दहा वेळा ऐकतो आणि ‘कधी?’ म्हणून पुढचा कागद ओढतो. पण ते माझ्या तोंडून निघेनात.

“हो, बोलतोय,” मी म्हणालो.

“नमस्कार डॉक्टर! वर्षभरात एकही क्लेम नाही तुमचा. वीस टक्के सवलत बसते. विवाहित आहात?”

“नाही.”

स्वयंपाकघरात झारा पडला.

“गाडी कोण चालवतं?”

“मीच. दर रविवारी. धाकट्या भावाला फिरवून आणतो.”

“वा! तेही चालवतात का?”

“छे! तो ढ आहे.”

मुलगी हसली. मीही हसलो. फोन ठेवल्यावर बायको दारात उभी.

“अहो, मघाशी तुम्ही अविवाहित होतात का?”

“विम्यापुरता.”

ती काहीतरी लागट बोलणार होती. माझ्या तोंडाकडे बघून पडलेला झारा उचलायला वळली.

खरं तर तिसऱ्या कंपनीला फोन केला तेव्हाच मला कळलं होतं, की पहिली सगळ्यांत स्वस्त आहे. तरी मी सात ठिकाणी फोन केले. प्रत्येक फोनवर दादा पाच-सात मिनिटं जिवंत असायचा, आणि त्याची तब्येत उत्तम असायची. पाचव्या कंपनीत तर त्याने एका मुलाला अक्कलदाढ काढू नकोस म्हणून सल्लाही दिला. (त्या मुलाने काढून घेतली असेल तर बरं होईल.)

शनिवारी सकाळी पहिल्या कंपनीचा तपासनीस गाडी बघायला म्हणून दारात आला. पिकलेले केस, हातात कागद.

“डॉक्टरसाहेब आहेत?”

“ते गेले,” बायको म्हणाली.

“कधीपर्यंत येतील?”

“गेले म्हणजे वारले हो. चार महिने झाले.”

तपासनिसाने कागद पाहिला. “पण परवा फोनवर तर...” आणि मग त्याने माझ्याकडे पाहिलं.

“तो मी होतो,” मी म्हणालो. “म्हणजे तो नव्हताच. म्हणजे मला सांगायचं होतं, पण...” शिक्के मारून मारून निबर झालेला माणूस मी, परक्या माणसासमोर हुंदके देत उभा राहिलो. बायकोने पाण्याचा पेला आणला. मला वाटलं मला देईल. माझ्या अवताराला घाबरलेल्या तपासनिसाला तिने तो दिला.

पाणी पिऊन त्याने कागदाची घडी केली. “हे पान मी भरलंच नाही असं समजू. सवलत माणसाची असते साहेब, गाडीची नव्हे. ती त्यांच्याबरोबर गेली. सगळं तुमच्या नावावर नव्याने करा. मृत्यूचा दाखला मिळायला किती दिवस लागतील?”

“काही नाही लागत,” बायको म्हणाली. “हेच देतात.”

मग गाडी किती चाललीय ते बघायला आम्ही खाली उतरलो. चालकाच्या जागेवर बसून मी बटण दाबलं आणि सीट आपोआप मागे सरकू लागली. मागे, आणखी मागे. आरसा वर झाला. दादा सहा फूट उंच होता. गाडीने त्याचं माप जपून ठेवलं होतं. माझे पाय लोंबकळत राहिले.

“पुढे घ्या ना सीट,” तपासनीस म्हणाला. “तो बाण दाबा. जुनं माप पुसलं जाईल, नवं बसेल.”

मी बाणावर बोट नेलं आणि काढून घेतलं. “नको. राहू दे.”

त्याने आकडा लिहून घेतला आणि बराच वेळ चष्मा पुसला.

“उतरा तुम्ही,” बायको म्हणाली. “मी बसते.”

ती माझ्यापेक्षा चांगली चार बोटं उंच आहे. (लग्नाच्या फोटोत मी पायरीवर उभा आहे.) शिवाय माहेरी असताना जीप चालवायची. आता ती जरा पुढे सरकून बसली, पाठीला उशी लावली, आणि तिचे पाय बरोबर टेकले. काही पुसावं लागलं नाही.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, आम्ही चक्कर मारली. मी त्या गाडीतून पहिल्यांदाच फिरत होतो. गाडीला मुळीच आवाज नाही, त्यामुळे माझाच ऐकू येत होता. बायकोने रस्त्यावरची नजर न काढता माझ्या बाजूची काच वर केली, लोकांनी बघू नये म्हणून.

सोमवारी मी त्याच मुलीला फोन केला. माझ्या नावाने, बायकोलाही ऐकू यावं म्हणून स्पीकर लावून. “डॉक्टर माझे थोरले भाऊ. ते वारले,” असं एका दमात सांगितलं. ती हळूच म्हणाली, “माफ करा सर. मला खूप आवडलं होतं त्यांच्याशी बोलून.”

“मलाही,” मी म्हणालो.

तिने नवा आकडा सांगितला. मी टेबलाची कड धरली. “मुख्य चालक माझी बायको,” मी घाईघाईने म्हणालो, “आणि दुसरा चालक मी. सगळीकडे चौकशी करून झालीय. आता यात काही कमी होईल का, बघा ना.”

खटाखट बटणं वाजली.

“होतील की सर. बरेच कमी होतील.” ती जरा घुटमळली. “तुमचं नाव काढलं तर.”

मी तोंड उघडायच्या आत स्वयंपाकघरातून खणखणीत आवाज आला, “काढा!”